साथीतला लाल डोळा

२०२३ च्या जुलैत आळंदीत डोळ्यांची साथ सुरू झाली आणि बघता बघता चाकणला आमच्या बँकेपर्यंत येऊन पोचली. निम्मा स्टाफ काळे चष्मे लावून बसलेला. नुसतं बघितलं तरी डोळे येतात असं मानणारे ग्राहक तोंड फिरवून स्लिपा पुढे सरकवायचे. चष्मा खरं तर उजेड बोचू नये म्हणून. साथ पसरते ती हातांनी, टॉवेलनी, उशीच्या अभ्र्यांनी. आणि आमचे हात तर दिवसभर दुसऱ्यांच्या नोटांत.

माझ्या उजव्या डोळ्यात संध्याकाळी कण गेल्यासारखं खुपायला लागलं. पाण्याचे हबके मारले, कण काही निघेना. सकाळी पापण्या अशा चिकटल्या होत्या की कोमट पाण्यात भिजवलेला कापूस लावून त्या सोडवाव्या लागल्या. डोळ्यातून पाणी मात्र पातळच गळत होतं. दोन दिवसांनी डावाही लाल झाला.

डॉक्टरांनी खालची पापणी ओढून बघितली. आतून लालभडक, बुबुळाजवळ लाली कमी. मग त्यांनी कानाच्या पुढे बोट दाबलं. तिथे वाटाण्याएवढी गाठ होती आणि दुखतही होती. मला पत्ताच नव्हता. "घसा धरला होता का?" धरला होता. घट्ट पिवळा पू असता तर जिवाणूंचा संशय, नुसती खाज असती तर ॲलर्जीचा, हे व्हायरल दिसतंय, म्हणाले. "डोळे मिचकावले की स्पष्ट दिसतं?" दिसत होतं. त्यांनी अँटिबायोटिक दिलंच नाही; थंड पाण्याच्या पट्ट्या आणि डोळ्यांना ओलावा देणारे थेंब, बस्स. शेजारच्या काकू डोळ्यात घालायला मधाची बाटली घेऊन तयारच होत्या, त्यांना चहा पाजून वाटेला लावलं.

त्याच आठवड्यात कर्जविभागातल्या माझ्या मैत्रिणीचा एक डोळा लाल झाला. साथच आहे म्हणून तिने मेडिकलमधून ड्रॉप आणले. पण तिच्या डोळ्याला चिपडं जवळपास नव्हतीच. ठणका होता, ट्यूबलाइट सहन होत नव्हती, आणि कितीही मिचकावलं तरी स्क्रीनवरचे आकडे धूसरच. लाली बुबुळाभोवती कड्यासारखी. ती लेन्स वापरते, कधी कधी लेन्ससकट झोपतेही. मी तिला रिक्षात घालून डॉक्टरांकडे नेलं. रंगाची पट्टी लावून निळ्या उजेडात बघितल्यावर बुबुळावर हिरवा ठिपका चमकला. जखम. तिने आणलेल्या ड्रॉपमध्ये स्टिरॉइड होतं. ते वाचून डॉक्टरांनी बाटली सरळ कचऱ्यात टाकली. अशा जखमेत ते घातलं तर डोळा जाऊ शकतो, म्हणाले.

माझे डोळे आपोआप निवळले. तिला रात्रीसुद्धा गजर लावून तासातासाला थेंब घालावे लागले. चष्म्याचा नवा नंबर काढायला सप्टेंबर उजाडला. तोवर कर्जाच्या फायली मी तिला वाचून दाखवत होते, आणि ती प्रत्येक व्याजदर दोनदा वाचायला लावत होती.