शिष्य पुढे गेले, गुरू मागे राहिले

कोल्हापूरच्या मेस्त्री घराण्यात १८९० साली जन्मलेल्या बाबूरावांना लोक 'पेंटर' म्हणू लागले ते नाटकांच्या पडद्यांमुळे. भाऊ आनंदरावांसोबत ते पडदे रंगवीत. पण १९१३ साली दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला आणि दोघांनाही हलत्या चित्रांचा ध्यास लागला.

विलायती कॅमेरा घ्यायचा तर पैसा कुठून आणायचा? मग तो आपणच बनवायचा, असे ठरले. काम अर्धवट असतानाच, १९१६ मध्ये आनंदराव गेले. बाबूरावांनी दुःख गिळले, पण भावाचे स्वप्न सोडले नाही. विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून १९१८ पर्यंत त्यांनी तो कॅमेरा पुरा केला.

महाराष्ट्र फिल्म कंपनीचा पहिला चित्रपट 'सैरंध्री' १९२० साली पडद्यावर आला. त्यात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या होत्या. कीचकवधाचे दृश्य तर इतके खरे वाटले, की त्याला कात्री लागली! लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली.

देवादिकांच्या आणि इतिहासाच्या कथा चालत असताना १९२५ साली त्यांनी 'सावकारी पाश' काढला. सावकाराच्या कर्जापायी जमीन गमावून शहरात गिरणी कामगार होणाऱ्या शेतकऱ्याची ती कथा. तरुण शेतकरी झाले होते व्ही. शांताराम. जाणकारांनी चित्रपट वाखाणला, पण सर्वसामान्य प्रेक्षकाला स्वतःचेच दुःख पैसे देऊन पाहणे रुचले नाही.

पुढे १९२९ साली दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर कंपनीतून बाहेर पडले. सीताराम कुलकर्णींना सोबत घेऊन त्यांनी कोल्हापुरातच 'प्रभात' काढली. ज्यांना हाताला धरून शिकवले, तेच निघून गेल्यावर गुरूला काय वाटले असेल? महाराष्ट्र फिल्म कंपनी पुढे फार काळ टिकली नाही.

१९३६ साली बाबूरावांनी 'सावकारी पाश' पुन्हा काढला, या वेळी बोलपट म्हणून. त्याच वर्षी दामले-फत्तेलाल यांचा 'संत तुकाराम' आला आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. शिष्यांचे नाव सातासमुद्रापार पोहोचले.

१९५४ साली बाबूरावांनी कोल्हापुरातच डोळे मिटले. नाव 'प्रभात'चे झाले, पण 'प्रभात'च्या त्या हातांना पहिले वळण बाबूरावांनीच लावले होते. गुरूला याहून मोठी दक्षिणा कोणती मिळायची?