चुन्याच्या दरजा

जुन्या दगडी घराचं काम हाती घेतलं की मी दगडाआधी दरजा बघतो. दोन दगडांमधल्या त्या बोटभर फटीत काय भरलंय, त्यावर घर आणखी किती पावसाळे काढील ते ठरतं.

मरोळ, आंबोली या अंधेरीच्या गावठाणांत ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळच्या ख्रिस्ती कुटुंबांची अशी घरं अजून उभी आहेत. दगडी जोतं, जाड भिंती, पुढे ओटा, बाहेरून चढणारा लाकडी जिना, वर मंगलोरी कौलं. एखाद्या भिंतीत मालाडचा पिवळसर दगड दिसला की मला फार आनंद होतो. फोर्टातली डेव्हिड ससून लायब्ररी १८७० साली पुरी झाली ती याच दगडात.

या भिंती चुन्यातल्या. चुनखडी भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो. उरलेली कळी पाण्यात विझवायची, वाळू घालून मळायची. भिंतीत गेल्यावर तो चुना हवेतला तोच वायू हळूहळू परत ओढून घेतो आणि पुन्हा चुनखडी होतो. जाड भिंतीत याला वर्षं लागतात. एवढा सोशिक माल मी दुसरा पाहिला नाही. घर जरा बसलं तरी तो सांभाळून घेतो, आणि शिरलेली ओल बाहेर सोडतो.

उपनगरांत पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. भिंतीत पाणी शिरणारच. घरची माणसं काळजीपोटीच सिमेंटचा गिलावा करून घेतात; मग ओल आत कोंडते, लोणा धरतो, क्षारांचे स्फटिक दगडाचे पापुद्रे सोडवतात. सिमेंट शाबूत आणि दगड झिजलेला! झिजायची ती दरज. ती पुन्हा भरता येते. मालाडचा तसा दगड आता आणायचा कुठून?

जुन्या इमारतींसाठी विल्यम मॉरिसने १८७७ साली इंग्लंडात संस्था काढली. खरवडून नवं रूप देऊ नका, वेळच्या वेळी डागडुजी करा, हा तिचा आग्रह. कॉट्सवोल्डच्या दगडी घरांइतकाच तो मरोळच्या घराला लागू पडतो.

सिमेंट काढायला छिन्नी-हातोडीच घ्यावी. ब्रेकरने दगडाच्या कडा उडतात. दरज दोन बोटं खोल खरवडून, पाणी मारून, चुना दाबून भरावा आणि ओल्या गोणपाटाखाली ठेवावा. काम दिवाळीनंतर काढावं. मे महिन्याच्या उन्हात चुना घाईने सुकतो आणि बोट लावलं की भुगा होतो.