कबुलीचा रकाना

आमच्या व्यसनमुक्ती केंद्राच्या पहिल्या मुलाखतीच्या फॉर्मवर अगदी शेवटी एक रकाना होता. ‘मी व्यसनी आहे हे मला मान्य आहे. हो / नाही.’ खाली सही. तो रकाना मीच घालून घेतला होता. ‘नाही’वर खूण करणाऱ्याच्या कागदावर मी लाल पेनानं एक शब्द लिहायचे, ‘डिनायल’. पुढचे तीस दिवस आमचं काम एकच असायचं. त्या माणसाचा नकार फोडायचा.

तो रकाना काढून टाकला, त्याला आता बरीच वर्षं झाली. का काढला, हे मात्र मी कधी नीट सांगितलं नाही. ‘फॉर्म जरा सुटसुटीत केला’ एवढंच सहकाऱ्यांना म्हटलं. खरं कारण वेगळं होतं. मी नऊ वर्षं एका चुकीच्या समजुतीवर काम केलं आणि तिची किंमत माझ्यासमोर बसलेल्या माणसांनी मोजली. आज ते लिहून मोकळं व्हायचं आहे.

मी या कामात आले ती बायकांच्या बाजूनं. एमएसडब्ल्यू करताना फील्डवर्कसाठी एका वस्तीतल्या महिला मंडळात जायचे. गहाण पडलेलं मंगळसूत्र, गुत्त्यावर गेलेले शाळेच्या फीचे पैसे, पाठीवरचे वळ हे सगळं तिथे रोज ऐकलं, पाहिलं. पिणारा माणूस आरोपी आणि मी त्याच्या बायकोची वकील, हे त्या वयातच मनात पक्कं बसलं. केंद्रात नोकरी लागली तरी ते बदललं नाही. ‘रोज पिता ना? हात उगारता ना? मग व्यसनी नाही कसे?’ माणूस जितका मागे सरकायचा, तितकी मी पुढे जायचे. तो रडला की वाटायचं, आता काम झालं. बायकोनं लिहिलेलं पत्र मी गटसभेत सगळ्यांसमोर वाचायला लावत असे. ‘तळ गाठल्याशिवाय माणूस सुधारत नाही’ हे वाक्य तर मी शेकडो नातेवाइकांना सांगितलं असेल. त्या तळापर्यंत जाताना माणूस मरूही शकतो, हा विचार तेव्हा मनाला शिवला नाही.

महाराष्ट्रात याहून वेगळी वाट होती आणि ती मला ठाऊकही होती. पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली मुक्तांगण उभं केलं, त्याबद्दल मी वाचलं होतं. वाचताना डोळ्यांत पाणीही आलं होतं. पण मला त्यात फक्त त्या दोघांचा चांगुलपणा दिसला. माणसाला मान देणं हा उपचाराचा भाग असतो, हे काही दिसलं नाही.

पहिला तडा गेला तो एका श्रावणात. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून सांगते. चाळिशीचा एक गवंडी बायकोबरोबर आला होता. दिवसाला तीन क्वार्टर. ‘ताई, मी श्रावण पाळायचो हो, एक थेंब घ्यायचो नाही. मागची दोन वर्षं जमलं नाही,’ तो म्हणाला. सकाळी पहिला घोट पोटात गेल्याशिवाय थापी हातात धरवत नाही, असंही बोलता बोलता सांगून गेला. मला त्यातून ऐकू आलं ते एवढंच, की इच्छाशक्ती नाही आणि सबबी मात्र आहेत. रकान्यात त्यानं ‘नाही’वर खूण केली. मी बायकोसमोर त्याला म्हटलं, ‘गटारीला शेवटची घ्या. श्रावणाच्या पहिल्या दिवसापासून बंद. जमलं तर मी समजेन, तुम्हाला खरंच सोडायचीय.’

त्यानं बंद केली. दुसऱ्या दिवशी त्याला फिट आली. तिसऱ्या रात्री भिंतीवरून मुंग्यांची रांग अंगावर येतेय म्हणून तो ओरडत सुटला, बायकोलाही ओळखेना. शेजाऱ्यांनी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, म्हणून वाचला. मी भेटायला गेले तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी आवाजही न चढवता विचारलं, ‘सकाळी हात थरथरतात का, हे विचारलं होतं?’ मी विचारलं नव्हतं. विचारायची गरजही नव्हती, त्यानं आपणहून सांगितलं होतं.

रोज भरपूर पिणाऱ्यानं दारू एकदम तोडली तर काय होतं, हे मला पुस्तकातून माहीत होतं. पहिल्या चोवीस तासांत थरथर, घाम, मळमळ. फिट आलीच तर बहुधा पहिल्या दोन दिवसांत. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान भ्रम, ज्याला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि ज्यात जीव जाऊ शकतो. त्यासाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली क्लोरडायझेपॉक्साइड किंवा लोराझेपामसारखी औषधं देऊन ती हळूहळू कमी करतात, मेंदूच्या रक्षणासाठी थायमिन देतात. हे सगळं मी परीक्षेत लिहून आले होते. पण समोरच्या माणसाकडून कबुली घ्यायच्या नादात मी निदानाचे प्रश्न विचारायचेच सोडून दिले होते.

त्या श्रावणानंतर मी निदान या गोष्टीकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. निदान मानसोपचारतज्ज्ञ लिहितात हे खरं, पण पहिली मुलाखत बहुतेक वेळा समुपदेशकच घेतो आणि त्या कागदावर निदान उभं राहतं. अमेरिकन सायकिॲट्रिक असोसिएशनच्या डीएसएम-५ या २०१३ च्या आवृत्तीनं ‘गैरवापर’ आणि ‘अवलंबित्व’ ही जुनी विभागणी मोडली आणि अकरा निकषांची एकच मोजपट्टी केली. ठरवल्यापेक्षा जास्त पिणं, कमी करायचे प्रयत्न फसणं, त्यातच वेळ जाणं, तल्लफ येणं हे चार निकष ताबा सुटल्याचे. तीन निकष घर, काम आणि आवडीच्या गोष्टी सुटत गेल्याचे, दोन धोका दिसत असूनही घेत राहिल्याचे. उरलेले दोन शरीराचे: तेवढ्याच नशेसाठी जास्त लागणं आणि बंद केल्यावर त्रास होणं. वर्षभरात यांतले दोन-तीन जुळले तर सौम्य, चार-पाच जुळले तर मध्यम, सहा किंवा अधिक जुळले तर तीव्र.

या यादीत एक गोष्ट नाही, आणि ते लक्षात आलं तेव्हा मी बराच वेळ तशीच बसून राहिले. ‘मी व्यसनी आहे हे मान्य आहे का’ असा निकष त्यात कुठेच नाही. माझा रकाना शास्त्रातला नव्हता, माझ्या रागातला होता. गवंड्याचं ‘दोन वर्षं श्रावण पाळता आला नाही’ हे वाक्य म्हणजे फसलेल्या प्रयत्नांचा निकष होता. ‘थापी धरवत नाही’ म्हणजे शरीराचा त्रास, तोही धोक्याच्या पातळीचा. तो पहिल्या दहा मिनिटांत स्वतःचं निदान सांगून गेला होता. मी त्यावर ‘डिनायल’ लिहिलं.

मग मी साध्या गोष्टींपासून पुन्हा शिकले. ‘एकच क्वार्टर घेतो’ असं कुणी म्हटलं की पूर्वी मी नजरेनंच त्याला खोटं पाडायची. आता कागदावर हिशेब मांडते. १८० मिलिलिटर व्हिस्कीत साधारण ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या दहा प्रश्नांच्या ‘ऑडिट’ चाचणीत एक ड्रिंक दहा ग्रॅमचं धरतात, म्हणजे एक क्वार्टर सहा ड्रिंक्सच्या बरोबरीची. हा आकडा शांतपणे समोर ठेवला की बहुतेक माणसं स्वतःच गप्प होतात, मग म्हणतात, ‘एवढी?’ त्या एका शब्दानंतर जे बोलणं होतं ते मला भांडून कधी मिळालं नव्हतं.

दुसरा धक्का मला माझ्याच आवाजानं दिला. एका प्रशिक्षणासाठी पेशंटच्या परवानगीनं मी एक सत्र रेकॉर्ड केलं होतं. घरी ऐकलं. पंचेचाळीस मिनिटांत तो माणूस जेमतेम दहा मिनिटं बोलला होता. त्याच प्रशिक्षणात विल्यम मिलर यांचं काम समजलं. न्यू मेक्सिकोतल्या त्यांच्या १९९३ सालच्या अभ्यासात दिसलं होतं, की सत्रात समुपदेशक जितका अंगावर जातो, तितकं त्या माणसाचं वर्षभरानंतरचं पिणं जास्त असतं. मी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं आणि खाली पुढे काहीच लिहू शकले नाही. नकार हा दारुड्याचा स्वभाव आहे असं मी नऊ वर्षं शिकवत आले होते. तो बऱ्याच अंशी माझ्या खोलीत, माझ्या प्रश्नांमुळे तयार होत होता. कुणालाही भिंतीला टेकवलं तर तो स्वतःचा बचावच करणार.

मिलर आणि स्टीफन रोलनिक यांच्या मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग या पद्धतीत बाहेरून पाहिलं तर फार काही घडताना दिसत नाही. पिणाऱ्याच्या मनात दोन्ही बाजू असतात, सोडायचीही आणि न सोडायचीही. मी ‘सोडा’ म्हटलं की त्याला दुसरी बाजू लढवावी लागते. मी विचारलं, ‘दारूनं तुम्हाला काय मिळतं?’ तर तो आधी चकित होतो, मग सांगतो की झोप लागते, दिवसभराची पाठदुखी विसरायला होते. आणि मग, मी न विचारता, म्हणतो, ‘पण आता झोपही लागत नाही, ताई.’ हे वाक्य त्याच्या तोंडून यावं लागतं. माझ्या तोंडून ते आरोप होतं.

सर्वांत उशिरा बदललं ते घसरणीबद्दलचं माझं मत. सोबर झालेला माणूस पुन्हा प्यायला की मला तो विश्वासघात वाटायचा, तोही माझा. औषधांबद्दलही तसंच. नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट यांना मी कुबड्या म्हणायचे. टॉम मॅक्लेलन आणि सहकाऱ्यांनी २००० साली व्यसनाची तुलना रक्तदाब, मधुमेह आणि दम्याशी केली. या आजारांतही कितीतरी लोक औषध, पथ्य मध्येच सोडतात आणि पुन्हा आजारी पडतात. माझ्या आईचं बीपी वाढलं म्हणून तिच्या डॉक्टरांनी तिला कधी हाकलून दिलं नव्हतं. आमच्या केंद्रात मात्र ‘दोनदा रिलॅप्स, प्रवेश बंद’ असा नियम होता आणि मी त्याची पाठराखण करत होते.

तो गवंडी साधारण वर्षभरानं परत आला. दवाखान्यातून सुटल्यावर पाच महिने तो अजिबात प्यायला नव्हता, मग एका लग्नात घसरला आणि पुढे घसरतच गेला. ‘तेव्हाच का आला नाहीत?’ मी विचारलं. तो खाली बघत म्हणाला, ‘तुम्हीच म्हणाला होता, जमलं तर समजेन खरंच सोडायचीय म्हणून. जमलं नाही. मग कोणत्या तोंडानं येणार?’

त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी त्याची माफी मागितली. तो माझ्यापेक्षा जास्त अवघडला.

गोव्यातल्या एका चाचणीनं माझा उरलासुरला अहंकारही घालवला. ‘संगथ’ संस्थेनं दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत घातक प्रमाणात पिणाऱ्या ३७७ पुरुषांवर ती केली. समुपदेशन करणारे मानसशास्त्रातले पदवीधर नव्हते, प्रशिक्षण घेतलेली साधी स्थानिक माणसं होती. जास्तीत जास्त चार भेटी. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के पुरुष घातक पिण्याच्या पातळीखाली आले होते, इतरांपैकी २६ टक्के. आपल्याकडे दारूवर अवलंबून असलेल्या अडतीस जणांपैकी एकालाच काहीतरी उपचार मिळतो, असं एम्सचा २०१९ चा राष्ट्रीय अहवाल सांगतो. उरलेल्या सदतिसांपर्यंत माझ्यासारख्या पदवीवाल्या पोहोचणार नाहीत. आदरानं ऐकायला शिकलेलं कुणीही पोहोचू शकतं.

पण त्याच चाचणीत आणखी एक गोष्ट दिसली आणि ती मी दडवणार नाही. बायकोला होणारी मारहाण त्या चार भेटींनी कमी झाली नाही. म्हणून माझं एक मत आजही जुनंच आहे. मारहाण हे व्यसनाचं लक्षण म्हणून मी माफ करत नाही. बायकोशी मी वेगळी, एकटीशी बोलते. तिची सुरक्षितता, कायद्याची मदत, माहेरचा आधार याची चौकशी पहिल्याच दिवशी करते. बदललं ते एवढंच, की तिची बाजू घ्यायची म्हणजे त्याला चिरडायचं, असं आता वाटत नाही. त्याला चिरडून तिचं काहीच भलं झालं नव्हतं. तो केंद्रात यायचा बंद व्हायचा आणि संध्याकाळी घरी मात्र जायचा.

जुने फॉर्म अजून स्टीलच्या कपाटात आहेत. मध्यंतरी एक गठ्ठा काढून पाहिला. ‘नाही’वर खूण करून पुन्हा कधीच न आलेली माणसं त्यात बरीच आहेत. प्रत्येक कागदावर माझ्या अक्षरात, लाल शाईत तोच शब्द. त्यांच्यापैकी कितीजण आज हयात असतील, सांगता येत नाही. त्यांच्यापर्यंत हे मनोगत पोहोचणार नाही हे ठाऊक आहे. तरी हे त्यांच्यासाठीच लिहिते आहे.

आता त्या रकान्याच्या जागी एक प्रश्न आहे: ‘आज इथे कोणाच्या सांगण्यावरून आलात, आणि तुम्हाला स्वतःला काय हवंय?’ खाली चार ओळी मोकळ्या सोडल्या आहेत. सही लागत नाही.

गवंडी अजून येतो. मानसोपचारतज्ज्ञांनी यकृताच्या तपासण्या करून त्याला नाल्ट्रेक्सोन सुरू केलं. तो बरा झाला असं मी म्हणत नाही. गेल्या वर्षात दोनदा घसरला. पूर्वी मी पेशंटच्या फाइलवर सोबर दिवस तेवढे मोजायचे. आता आणखी एक आकडा लिहिते, घसरल्यापासून आमच्याकडे फोन येईपर्यंत किती दिवस गेले. पहिल्यांदा त्याला सात महिने लागले होते. गेल्या वर्षी पहिल्या वेळी चार दिवस. दुसऱ्या वेळी फोन सकाळी साडेआठला आला, ‘ताई, काल रात्री घेतली. आज येऊ का?’