भोंगा बंद झाल्यावर
मी वुल्वरहॅम्प्टनला नर्स आहे. आमच्या वॉर्डात गुडइयरच्या टायर कारखान्यातले जुने कामगार नेहमी येतात. कारखाना १९२७ साली सुरू झाला आणि २०१६ मध्ये कायमचा बंद पडला. त्याच वर्षी ब्रेग्झिटचं सार्वमत झालं आणि या गावाने युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या बाजूने भरघोस मतं दिली.

ऑगस्ट २०२४ मध्ये या जुन्या कामगारांपैकीच एका आजोबांच्या पायाचं ड्रेसिंग करत होते. समोर टीव्हीवर दंगलीच्या बातम्या. साउथपोर्टमध्ये तीन चिमुरड्या मुलींचा खून झाला होता आणि मारेकरी निर्वासित असल्याची खोटी आवई उठली होती. तो कार्डिफमध्येच जन्मलेला होता. आजोबा म्हणाले, "बाहेरचे आले आणि देश बुडाला." मग माझ्याकडे बघून, "तू नाही हं त्यात. तू आमचीच."

हे ऐकलं की मला बोचतं. 'त्यात' कोण येतं? रात्रपाळीची केरळची सिस्टर, की झिम्बाब्वेहून आलेली केअरर? दंगलीच्या त्या आठवड्यात ड्युटी संपल्यावर आम्ही सगळ्याजणी एकत्रच पार्किंगपर्यंत जायचो.

तरी मला आजोबांचा राग आला नाही. मी मुंबईत, लालबागच्या चाळीत वाढले. बाबा गिरणीत साचेवाले. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर आमच्या घरात नियमित पगार असा आलाच नाही. चाळीच्या गॅलरीत बसून माणसं म्हणायची, भय्ये आले आणि आपलं गेलं. पण गिरणी काही भय्यांनी नेली नव्हती. काम भिवंडीच्या यंत्रमागांकडे गेलं, आणि मालकांना कापडापेक्षा जमिनीत जास्त पैसा दिसू लागला. आज तिथे टॉवर आहेत.

हे सगळं मी आजोबांना सांगितलं. त्यांनी आधी विचारलं, एक माणूस किती माग सांभाळायचा? मग आपल्या हातांबद्दल बोलत राहिले. रबराचा वास कितीही साबण लावला तरी जायचा नाही, बायको कुरकुरायची. बाबांच्या केसांत कायम कापसाचे तंतू असायचे, ते मला आठवले. कारखाना सुटल्यावर आजोबा टॅक्सी चालवू लागले, पुढे दुकानात सिक्युरिटीला.

त्यांचं मत काही बदललं नाही. "फार माणसं आली," असं दुसऱ्या दिवशीही म्हणालेच. किती माणसं यावीत, हा प्रश्न देशाने जरूर विचारावा. घरं अपुरी आहेत, डॉक्टरची वेळ मिळत नाही, हे मी रोज बघते. पण टायरचा कारखाना माझ्या केरळच्या मैत्रिणीने बंद केला नाही. बाहेरच्यांवर खापर फोडणं इथे जुनंच आहे. याच गावातून निवडून आलेल्या इनॉक पॉवेल यांनी १९६८ मध्ये बर्मिंगहॅमला स्थलांतरितांविरुद्ध जहाल भाषण केलं. १९६० ते ६३ या काळात आरोग्यमंत्रीही तेच होते, आणि तेव्हाही इथली किती तरी रुग्णालयं वेस्ट इंडीजच्या नर्सेस आणि भारत-पाकिस्तानच्या डॉक्टरांच्या जिवावर चालत होती.

आजोबांना डिस्चार्ज मिळाला, तरी त्यांना घरी पाठवता येईना, कारण घरी जाऊन त्यांचं करायला केअररच मिळत नव्हती. शेवटी मिळाली ती झिम्बाब्वेची. मार्च २०२४ पासून नव्याने येणाऱ्या केअररना मुलंबाळं सोबत आणता येत नाहीत. जुलै २०२५ पासून तर परदेशातून नव्या केअरर आणणंच सरकारने थांबवलं आहे. त्यांच्या जागी कोण येणार, हे आमच्या वॉर्डातल्या बऱ्या झालेल्या म्हाताऱ्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही.