पिट्सबर्ग येथील पोरांची पारख

आमचा धाकटा पुतण्या गेलीं वीस वर्षें अमेरिकेंत पिट्सबर्ग शहरीं राहतो. त्याच्या आग्रहावरून जुलै २०२३ मध्यें आम्ही उभयतां त्याच्याकडे महिनाभर राहून आलों. अमेरिकेहून परतलेल्या मनुष्यानें नायगाऱ्याचें वर्णन करावें असा शिरस्ता आहे. धबधबा आम्हींहि पाहिला. परंतु त्याविषयीं इतक्यांनीं लिहून ठेविलें आहे कीं, त्यांत आमच्या ओंजळीची भर घालण्याचें कारण दिसत नाहीं. वाचकांस सांगावेंसें वाटतें तें एका दुपारविषयीं, आणि तेंहि ज्या खेळांतील ओ कीं ठो आम्हांस कळत नव्हतें अशा खेळाविषयीं.

पिट्सबर्ग हें संगमावरचें गांव. आलेघेनी व मोनोंगाहेला या दोन नद्या येथें मिळतात, आणि मिळाल्यावर दोघींचीं नांवें लोपून पुढें ओहायो नांवाची तिसरीच नदी वाहूं लागते. आपल्या कऱ्हाडास कोयना कृष्णेला मिळते तेव्हां एकटीनेंच नांव सोडावयाचें असतें. येथें दोघीहि सोडतात, हें आमच्या सौभाग्यवतींस अधिक न्यायाचें वाटलें. हें शहर पिढ्यान्‌पिढ्या पोलादावर जगलें. १९८० नंतरच्या दशकांत कारखाने एकामागून एक बंद पडले आणि हजारों कुटुंबें पोटासाठीं इतरत्र पांगलीं. आज तेथें इस्पितळें व विद्यापीठें यांवर पुष्कळांचा चरितार्थ चालतो. आकाश निर्मळ आहे, पण जुनीं माणसें त्या धुराची आठवण मोठ्या मायेनें काढतात.

आलेघेनीच्या उत्तर तीरावर २००१ सालीं उघडलेलें पीएनसी पार्क नांवाचें क्रीडांगण आहे. सामन्याच्या दिवशीं नदीवरील एक पूल गाड्यांस बंद करतात व सारें गांव पायीं पलीकडे जातें. पुलाचें नांव रोबेर्तो क्लेमेंटे. हा पोर्तो रिकोचा खेळाडू. ब्रुकलिनच्या संघानें त्याला दुय्यम संघांत ठेविलें होतें. तेथून १९५४ मध्यें पिट्सबर्गच्या पायरेट्स संघानें त्यास उचललें. पुढें त्याच्या नांवावर बरोबर तीन हजार यशस्वी फटके जमा झाले, आणि ३१ डिसेंबर १९७२ रोजीं निकाराग्वांतील भूकंपग्रस्तांसाठीं मदत घेऊन जात असतां विमान कोसळून तो गेला. त्याचा क्रमांक २१, म्हणून मैदानाची उजवीकडील भिंत २१ फूट उंच बांधिली आहे. भिंतीपलीकडे नदी, नदीपलीकडे उंच इमारतींची रांग. खेळ कळला नाहीं तरी बसून राहावें असें तें स्थळ आहे.

आमच्याबरोबर पुतण्याचा पंधरा वर्षांचा मुलगा होता. त्यानें नियम समजावून सांगण्याची शर्थ केली. आम्हांस पूर्ण उमगली ती एकच गोष्ट: मध्येंच पियेरोगी नांवाच्या पोलिश खाद्याचीं सोंगें घेऊन कांहीं माणसें मैदानाच्या कडेनें शर्यत धांवतात. पियेरोगी म्हणजे बटाट्याचें सारण भरून उकडलेली करंजीच. करंज्या धांवतांना पाहून सौभाग्यवती जितक्या हंसल्या तितक्या अमेरिकेंत दुसऱ्या कशालाहि हंसल्या नाहींत.

परंतु लौकरच आमच्या ध्यानांत आलें कीं, आमच्या रांगेंतील मंडळींचें लक्ष समोरच्या खेळावर नव्हतें. तीं बोलत होतीं तीं त्या मैदानावर अद्याप खेळलेल्या नसलेल्या मुलांविषयीं. त्याच आठवड्यांत वार्षिक ‘ड्राफ्ट’ झाला होता. १९६५ पासून ही प्रथा आहे. शाळा संपविलेल्या व महाविद्यालयांत शिकणाऱ्या पोरांतून तीस संघ पाळीपाळीनें निवड करतात. वीस फेऱ्या होतात व सहाशेंवर मुलें निवडलीं जातात. कोणत्या संघांत जावें हें मुलानें ठरवावयाचें नसतें. फार तर त्यानें नाहीं म्हणावें. दुबळ्या संघास आधीं पाळी मिळावी असा मूळ हेतु, मात्र २०२३ पासून पहिल्या सहा पाळ्या सोडत काढून ठरवितात. पायरेट्सनीं शेवटचें अजिंक्यपद मिळविलें तें १९७९ सालीं, आणि १९९३ पासून २०१२ पर्यंत ओळीनें वीस वर्षें हा संघ जिंकण्यापेक्षां हरलाच अधिक. तेव्हां तेथील लोकांस चालू हंगामापेक्षां होतकरू पोरांचा आधार वाटतो यांत नवल काय? सोडतींत पहिली पाळी त्यांनाच मिळाली होती.

त्यांनीं निवडला तो पॉल स्कीन्स, ताशीं शंभर मैल वेगानें चेंडू फेकणारा. त्याच लुइझियाना विद्यापीठाचा फलंदाज डिलन क्रूझ दुसऱ्या क्रमांकानें वॉशिंग्टनकडे गेला. आमच्या मागच्या दोघां तरुणांचें यावरून चांगलेंच जुंपलें. एक म्हणे, फेकणाऱ्याचा हात कांचेचा. फलंदाजच घ्यावयास हवा होता. दुसरा म्हणे, हात टिकला तरी काय, २०११ मध्यें असाच पहिल्या क्रमांकानें घेतलेला गेरिट कोल २०१८ मध्यें ह्यूस्टनला देऊन टाकलाच कीं! त्या वादाचा निकाल लौकरच लागला. स्कीन्स मे २०२४ मध्यें मुख्य संघांत आला, त्या वर्षाचा सर्वोत्तम नवोदित ठरला, आणि २०२५ मध्यें उत्कृष्ट पिचरला देतात तें साय यंग पारितोषिक त्यानें एकमतानें मिळविलें.

पण वीस फेऱ्यांतील ती पहिली. खालच्या फेऱ्यांतील मुलांविषयींहि त्या रांगेंत तितक्याच आवेशानें बोलणें चाललें होतें. पारख करणारे जाणते लोक प्रत्येक गुणास विसापासून ऐंशींपर्यंत अंक देतात. पन्नास म्हणजे सर्वसाधारण. शून्य कोणालाच नाहीं आणि शंभरहि कोणालाच नाहीं, ही सोय आम्हांस आवडली. आमच्या नातवास हे अंक मुखोद्गत. कोणाची मान आंखूड, कोणाचा खांदा सैल, कोणाचा बाप उंच म्हणून मुलगा अजून वाढेल. ऐकतां ऐकतां आम्हांस आमच्या वाड्यांतील ओसरी आठवली. मॅट्रिकचा निकाल लागला कीं तेथें असेंच चाले. हा पुढें येईल, हा कारकुनी करील, याचें कांहीं खरें नाहीं! ज्याच्याविषयीं आम्हीं स्वतः शेवटचें वाक्य उच्चारलें होतें, त्याच पुतण्याच्या घरीं आम्ही महिनाभर जेवत होतों.

इतक्यांत नातू शेजाऱ्यांना इंग्रजींत ठासून म्हणाला, “एकोणिसाव्या फेरींतला तो मुलगा नुसती खोगीरभरती. तो कधींच वर यावयाचा नाहीं.”

आमच्या डाव्या हातास एक वृद्ध गृहस्थ मांडीवर वही ठेवून पेन्सिलीनें प्रत्येक चेंडूची नोंद करीत होते. जन्म पोलादाच्या भट्टीवर गेलेला, हें त्यांनीं आधींच सांगितलें होतें. वहीवरून दृष्टि न काढतां ते म्हणाले, “माझा मुलगा चौतिसाव्या फेरींतला.”

रांग गप्प झाली. तेव्हां फेऱ्या पुष्कळ असत. निवडीच्या संध्याकाळीं साऱ्या आळीनें त्यांच्या अंगणांत येऊन जेवण केलें होतें. मग खालच्या संघांत तीन वर्षें. मुख्य संघाखालीं दुय्यम संघांची शिडी असते. पायरेट्सची शिडी फ्लॉरिडांतील ब्रेडेंटनहून ग्रीन्सबरो, आल्टूना, इंडियानापोलिस अशी वर चढते. त्यांचा मुलगा दुसऱ्याच एका संघाच्या शिडीवर होता. रात्रभर बसचा प्रवास, पोटास न पुरणारा पगार, आणि तिसऱ्या वर्षीं कोपर गेलें. १९७४ पासून कोपरांत दुसरीकडचा स्नायुबंध बसविण्याची शस्त्रक्रिया होत आली आहे; पण चौतिसाव्या फेरींतल्या मुलासाठीं कोण थांबतो? “तो परत आला,” ते म्हणाले, “तेव्हां आळींतल्या कोणी त्याला कांहीं विचारलें नाहीं. मींहि वर्षभर विचारलें नाहीं. काय विचारावें तें सुचेना.” मुलगा आतां शाळेंत गणित शिकवितो.

नातवाचा चेहरा उतरला. त्याच्या समाधानासाठीं म्हाताऱ्यांनींच मग जुन्या गोष्टी काढल्या. १९६६ सालीं पहिल्या क्रमांकानें घेतलेला स्टीव्ह चिलकॉट मुख्य संघांत कधींच पोंचला नाहीं, आणि दुसऱ्या क्रमांकाचा रेजी जॅक्सन जगप्रसिद्ध झाला. १९८८ मध्यें माइक पियाझास बासष्टाव्या फेरींत घेतलें तें केवळ वडिलांच्या स्नेह्याची भीड म्हणून. २०१६ मध्यें तो थोर खेळाडूंच्या दालनांत गेला. मार्क अॅपेलनें २०१२ मध्यें पायरेट्सना नकार दिला, पुढल्या वर्षीं ह्यूस्टननें त्याला पहिल्या क्रमांकानें घेतलें, मग त्यानें खेळच सोडला, आणि परत येऊन तिसाव्या वर्षीं, २०२२ मध्यें, फिलाडेल्फियाकडून प्रथम उतरला.

खेळ संपला. लोक पुलाकडे निघाले. नातू मात्र उठेना. खिशांत सह्या घेण्यासाठीं आणलेला चेंडू होता, तो त्यानें म्हाताऱ्यांपुढें धरला व हळूच विचारलें, “तुमचा मुलगा कसा चेंडू फेकत असे?”

त्यांनीं वही मिटली. चेंडू हातांत घेऊन शिवणीवर दोन बोटें ठेविलीं, मनगट वळविलें, आणि चेंडू कसा सरळ येतां येतां एकाएकीं खालीं बसे तें दाखवूं लागले. पुतण्याचा दोनदां फोन येऊन गेला. सौभाग्यवतींनीं खुणेनेंच आम्हांस बसावयास सांगितलें.