सुपातले

यंत्रमानवाने मोटार जोडली असे आपण म्हणतो, तेव्हा डोळ्यांपुढे येतो तो त्याचा डौलदार हात. कारखान्यातल्या अभियंत्यांची खरी डोकेदुखी मात्र त्या हाताच्या अलीकडे असते. पिंपभर विस्कटलेल्या स्क्रूंतून एकेक स्क्रू, डोके वर करून, ठरल्या जागी हाताला आणून द्यायचा कोणी?

त्यावरचा जुना आणि अजून चालता उपाय म्हणजे थरथरणारा वाडगा, बाउल फीडर. त्याच्या आतल्या कडेने मळसूत्रासारखी चढत जाणारी अरुंद वाट असते. खाली विद्युतचुंबक आणि तिरप्या स्प्रिंगा. प्रत्येक हिसक्यासरशी तुकडा कणभर वर आणि पुढे उडतो, असा चढत जातो. वाटेत कुठे खाच, कुठे आडवी पट्टी. उलटा आलेला तुकडा तिथे तोल जाऊन तळाशी पडतो आणि पुन्हा चढू लागतो. वाडगा सहसा कोणाला सुलटे करीत नाही. उलट्याला पुढे जाऊ देत नाही, इतकेच.

हे समजून घेताना मला नांदेडच्या घरातले सूप दिसू लागले. पाखडणे, घोळणे, आसडणे ही तीन क्रियापदे म्हणजे आईच्या मनगटाच्या तीन निरनिराळ्या हालचाली होत्या. एकीने फोल उडे, दुसरीने खडे एका जागी गोळा होत. (जात्यातल्यांना हसणारे सुपातले दाणे म्हणीत निवांत असतात, आईच्या सुपात कोणीच निवांत नसे.)

लातूर हे तुरीच्या डाळीचे गाव. तिथल्या एका डाळमिलमध्ये रंग पाहून दाणे निवडणारे यंत्र पाहिले. सारे त्याला सॉर्टेक्स म्हणतात. कॅमेरा डागी दाणा हेरतो, हवेचा झोत तो उडवतो. कौतुक कॅमेऱ्याचे होते, पण त्याआधी एक थरथरती तबकडी ढिगाचा पातळ थर करून दाणे उतरंडीवर सोडते. ती बिघडली की कॅमेरा आंधळाच.

जेफ्री बूथरॉइड यांनी यंत्रजोडणीचा अभ्यास केला, त्यातला एक धडा मोठा व्यवहारी आहे: वाडगा सुधारत बसण्यापेक्षा तुकड्याचा आकारच बदला, तो पूर्ण सममित करा, नाहीतर ठळकपणे असममित. तुरीला असे सांगण्याची सोय नव्हती. तो सगळा भार मनगटाने वाहिला. वाडग्यात नेमकी खाच कोरणाऱ्याला आपण कुशल कारागीर म्हणतो. निवडणाऱ्या बाईचे काम मात्र रोजंदारीच्या हिशेबात अकुशल राहिले, आणि आमच्या मराठीच्या वर्गांतही ‘आसडणे’ हा शब्द आता अर्थासकट सांगावा लागतो. हा अन्याय मला यंत्राहून जुना वाटतो.

यंत्राने फेकलेल्या मालात चांगले दाणेही जातात. त्या मिलच्या मागच्या शेडमध्ये दोन बाया तो माल सुपात घेऊन बसल्या होत्या.