फरसाणाच्या शोकेसमधील बिऱ्हाड

आमच्या दुकानात उंदीर हा तीन पिढ्यांचा विरोधक. कशेडीच्या चढावर, महामार्गाला लागून आमचे किराणा आणि फरसाणाचे दुकान आहे. धान्याच्या थप्प्या आल्या की उंदीर आलेच. बापूजींनी आयुष्यात कधी विष ठेवले नाही. तारेच्या पिंजऱ्यात सापडलेला उंदीर पहाटे ओढ्यापलीकडे नेऊन सोडायचा, हा त्यांचा नेम. सोडलेला उंदीर संध्याकाळपर्यंत परत येत असावा असा माझ्या आईचा संशय होता, बापूजी म्हणत, "येऊ दे, पुन्हा सोडू." अशा घरात गेल्या वर्षीच्या मे महिन्यात माझी नात पुण्याहून बुटांच्या खोक्यात दोन उंदीर घेऊन उतरली.

तिने लगेच दुरुस्ती केली. उंदीर नव्हेत, जरबिल. पुण्यातील त्यांच्या शेजाऱ्यांची परदेशी बदली झाली आणि दोघी बहिणी मुलाच्या घरी आल्या. पण भाड्याच्या घराच्या मालकांना पाळीव प्राणी चालेनात. म्हणून त्या आजोळी नव्हे, आजोबांकडे. एकीचा रंग फिकट, दुसरीचा काळपट. नातीने दुकानाला शोभतील अशी नावे ठेवली होती, रवा आणि राई.

बापूजींनी खोक्यात वाकून पाहिले आणि एकच शब्द उच्चारला, "बंध." अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपण प्रतिक्रमणात आलोवतो : बंध, वध, छविच्छेद, अतिभार आणि भक्तपानविच्छेद. त्यात पहिलाच बंध, जिवाला बांधून किंवा कोंडून ठेवणे. मी म्हटले, मग ओढ्यापलीकडे सोडू या. यावर नातीचे डोळे भरले, आणि तिने जे सांगितले ते मी नंतर स्वतः वाचून पडताळले.

हा प्राणी मंगोलिया आणि उत्तर चीनच्या कोरड्या गवताळ मैदानांतला. 1935 साली अमूर नदीच्या खोऱ्यातून वीस जोड्या पकडून जपानला नेल्या गेल्या, 1954 मध्ये तेथून काही जोड्या अमेरिकेत प्रयोगशाळांसाठी गेल्या आणि पुढे घरोघरी पसरल्या. आज पिंजऱ्यात जन्मलेल्या जरबिलाला रान ठाऊक नसते. त्यातून आमचे रान कोकणातले, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस झेलणारे. तिथे त्यांना सोडणे म्हणजे पहिल्या पावसाच्या, किंवा त्याआधी एखाद्या धामणीच्या स्वाधीन करणे. बापूजी बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आणले कोणी, हा प्रश्न संपला. आता राखायचे कसे ते पाहा. पण वंश वाढवायचा नाही, आणि यांच्यानंतर तिसरा आणायचा नाही." दोघीही माद्या असल्याने पहिली अट आपोआप पाळली जाणार होती. एकटे जरबिल झुरते, त्यामुळे दोघींना एकत्रच ठेवायचे होते.

आता घर. तारेचा पिंजरा चालत नाही, कारण या जातीला उकरायला हवे असते; खोल भरण घातली तर ती तारांमधून सांडते. प्लॅस्टिक तर ती कुरतडून पार करतात. त्यांचे दात जन्मभर वाढत राहतात. काचेची टाकी उत्तम, असे कळले. मी दुकानात इकडेतिकडे पाहिले आणि नजर फरसाणाच्या शोकेसवर थांबली.

ही शोकेस रिकामी का होती, हे सांगायला हवे. घाट चढून आलेली वाहने आमच्या दारात थांबत. इंजिन थंड होईतो प्रवासी शेव, चिवडा, लिंबूपाणी घेत. 2023 च्या गणेशोत्सवात कशेडीच्या नव्या बोगद्यातून गाड्या जाऊ लागल्या. बोगदा व्हायला हवाच होता. या घाटातले अपघात ज्यांनी पाहिले आहेत त्यांना ते सांगावे लागणार नाही. पण पाऊण तासाचा घाट काही मिनिटांचा झाला आणि आमच्या दारातली गर्दीही त्याच वेगाने सरली. वर्षभर ती शोकेस मी रोज पुसत होतो, भरत नव्हतो. विकायलाही मन होत नव्हते. शेवटी मी आणि माझ्या मुलाने ती पाठीवर आडवी केली, दारे काढली, वरच्या बाजूला लाकडी चौकटीत बारीक तारेची जाळी बसवली. साडेतीन फूट लांबीचा काचेचा हौद तयार झाला.

भरण म्हणून जवळच्या वखारीतला लाकडाचा भुसा आणणार होतो. पण वासाच्या लाकडाचा भुसा त्यांच्या श्वासाला घातक असतो. मग कागद. माळ्यावर जुन्या पावत्यांची पोती होती. नात आणि मी दोन दुपारी त्या पावत्या फाडत बसलो : अमुक ट्रॅव्हल्सचे चाळीस चहा, तमुक सहलीची दहा किलो शेव. त्यात वाळलेले गवत मिसळून चांगली वीतभर उंचीची भरण घातली. साबणाच्या पुठ्ठ्याच्या पेट्या दिल्या. दोघींनी एका रात्रीत बोगदा खणला, आणि बापूजी हसून म्हणाले, "यांनाही बोगदाच हवा!" त्या उन्हाळ्यातले त्यांचे पहिले हसणे ते.

खाण्याची अडचण नव्हती; किराणा दुकानच ते. राळा, बाजरी, नाचणी, थोडे ओट. एका जिवाला दिवसाला मोठा चमचाभर पुरे. सूर्यफुलाचे बी त्यांना फार प्रिय, पण तेलकट, म्हणून ते बक्षिसापुरतेच. गाजर देतात असे वाचले. आमच्या घरात गाजर येत नाही, काकडीच्या चकतीवर भागले. तयार खाद्याचे पाकीट आणायचे तर त्यात अंडे किंवा मासळीची भुकटी आहे का ते वाचून घ्यावे. जरबिल दाणे खाते थोडे आणि पुरते जास्त. व्यापाऱ्याच्या घरात या सवयीला नावे ठेवणे बरे नव्हे, पण ओल्या हवेत तो साठा बुरसतो, म्हणून चार दिवसांनी कोठार तपासावे लागे. चातुर्मासात आपण धान्य जसे चाळून, जीवात पाहून घेतो तसेच.

खरी परीक्षा जूनमध्ये आली. नात शाळेसाठी पुण्याला गेली आणि घाटावर ढग उतरले. आठवड्याभरात दोघींचे केस चिकट होऊन काट्यांसारखे उभे राहू लागले. हवेतला ओलावा फार झाला की जरबिलाचे असे होते. आमच्याकडे त्या दिवसांत मीठ पाझरते, काडी पेटत नाही. तिथे वाळवंटाकाठच्या जिवाची काय कथा! शोकेस साखरेच्या कोठडीत हलवली, जमिनीपासून फळ्यांवर. कोकणात कपड्यांच्या कपाटात दिवा लावून ठेवतात. त्याच रीतीने काचेबाहेर हातभर अंतरावर साठ वॅटचा जुना दिवा लावला. बारीक वाळू चाळून, धुऊन, कढईत कोरडी भाजून थंड केली आणि तसराळ्यात ठेवली. दोघी तीत अशा लोळल्या की चार दिवसांत केस पुन्हा मऊ. आईने ती कढई मात्र स्वयंपाकघरात परत घेतली नाही.

माणसाळवण्याचे काम बापूजींकडे कसे गेले, हे मलाही नीट आठवत नाही. नातीने फोनवर नियम सांगितले होते : वरून झडप घालून धरायचे नाही, कारण त्यांना तो घारीचा पंजा वाटतो, हात आत ठेवून नुसते बसायचे, त्यांना येऊ द्यायचे. मला दहा मिनिटेही हात स्थिर ठेवता येईना. बापूजींना सकाळच्या सामायिकाची, 48 मिनिटे निश्चल बसण्याची, साठ वर्षांची सवय. सामायिक झाले की ते शोकेसजवळ स्टूल घेऊन बसत, तळहातावर एक बी ठेवून. पहिले तीन दिवस कोणी फिरकले नाही. मागच्या पायांनी जमिनीवर धपधप करून दोघी एकमेकींना सावध करीत. पाचव्या दिवशी राई बी घेऊन पळाली. दहाव्या दिवशी ती तळहातावरच बसून बी सोलू लागली, आणि पंधरवड्यात रवा त्यांच्या सदऱ्याच्या बाहीत शिरून कोपरापर्यंत गेली. वीज गेली की कंदील घेऊन हा म्हातारा माणूस आधी कोठडीत जाई.

जुलैत माझ्या हातून ते घडले. भरण बदलताना मी जाळी नीट लावली नाही आणि राई कोठडीत निसटली. गोण्यांमागे गेली तर दुसऱ्या पिंजऱ्यातल्या भाऊबंदांशी गाठ, या घाबऱ्या विचाराने मी हात टाकला आणि हाती आली ती शेपूट. जरबिलाला शेपटीने कधीही धरू नये, हे मला सांगितलेले होते. संकटात त्या शेपटीची त्वचा म्यानासारखी सुटून येते. टोकाची दीड बोट त्वचा माझ्या चिमटीत राहिली. तिने आवाजसुद्धा केला नाही.

बापूजी रागावले नाहीत. तेच अधिक जड गेले. मला प्रतिक्रमणातला शब्द आठवत होता, छविच्छेद; कातडी कापणे. इतकी वर्षे तो मी पाठ म्हणत आलो, माझ्या बोटांचा त्याच्याशी संबंध येईल असे वाटले नव्हते. पुण्याच्या पशुवैद्यांना फोनवर छायाचित्र दाखवले. त्यांनी सांगितले त्याप्रमाणे वाळू काढली, तिच्या बाजूला नुसता स्वच्छ पांढरा कागद घातला. उघडे टोक वाळून काही दिवसांनी गळून पडले आणि जखम भरली. नातीला हे मीच फोन करून सांगितले. ती थोडा वेळ बोलली नाही, मग विचारले, "आजोबा, ती जेवते ना?"

राई जेवत होती. बापूजींच्या हातावर आठवड्यात पूर्ववत येऊ लागली. माझा हात आत गेला की मात्र धपधप सुरू होई आणि दोघी बोगद्यात नाहीशा होत. संवत्सरीला घरातल्या सर्वांना 'मिच्छा मि दुक्कडम्' म्हणून झाल्यावर मी कोठडीत गेलो. कोणी पाहत नव्हते, म्हणून मोठ्याने म्हटले.

त्यानंतर मी रोज दुपारी, दुकानात गिऱ्हाईक नसते त्या वेळी, बापूजींच्या स्टुलावर बसू लागलो. पूर्वी ती वेळ रस्त्याकडे पाहण्यात जाई. आता हात बराच वेळ स्थिर राहतो. दिवाळीच्या सुमारास रवा आली. राई यायला फेब्रुवारी उजाडला; तीही हातावर चढली नाही, पुढचे दोन पाय माझ्या बोटांवर टेकून बी उचलले आणि तिथेच, आखूड शेपूट माझ्याकडे करून, सोलत बसली. एवढ्यात बाहेर कोणीतरी शेव आहे का म्हणून हाक मारली. बापूजी म्हणाले, "तू बस, मी पाहतो."